गुरुवारचं खोकं

"इथं नको, जरा पुढं घे," दाजी म्हणाले. "दुकानाच्या दारातच लावालास की."

मी गाडी मागे घेतली आणि पुढच्या झाडाखाली लावली. मुरिंडी गावाला रस्ता एकच, पण एवढा रुंद की आपल्याकडे त्यात दोन गल्ल्या बसल्या असत्या. गाड्या फूटपाथकडे तोंड करून तिरक्या उभ्या. मोजून पाच. पाचही लाल धुळीनं माखलेल्या, मागच्या उघड्या हौद्यात कुत्रा नाहीतर तारांची भेंडोळी. सहावी आमची, पांढरीशुभ्र, धुतलेली, मागच्या काचेवर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा हिरवा स्टिकर.

"आता कसं," दाजी समाधानानं म्हणाले. "कुणाच्या ध्यानात यायचं न्हाई."

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, भूपाल चौगुले. सांगलीकडचे निवृत्त गटशिक्षणाधिकारी. तीस वर्षं शाळा तपासल्या त्यांनी, पण खात्याची जीप कधी वापरली नाही. जीपचा आवाज आला की मास्तर सावध होतात, म्हणून एसटीनं जायचे आणि गावाबाहेर उतरून चालत वर्गात शिरायचे. मेलबर्नला माझ्याकडे आल्यावरही तोच खाक्या. "तुझी गाडी त्या पोरानं बघितल्याली हाय न्हवं? मग भाड्याची घे," असा हुकूम झाला. मी घेतली. चार तास गव्हाच्या शेतांतून चालवत आणली. वाटेत धान्याच्या कोठारांचे उंच गोल मनोरे सोडले तर बघण्यासारखं काही नव्हतं, आणि दाजी त्या प्रत्येक मनोऱ्याला "हे काय?" असं विचारत होते.

पोरगा म्हणजे सन्मती शेडबाळे. जयसिंगपूरचा, आमच्याच जैन समाजातला, वय बत्तीस. मुरिंडीत औषधांचं एकच दुकान होतं, तिथला फार्मसिस्ट. आक्काच्या त्रिशलासाठी त्याचं स्थळ आलं होतं. फोटो झाले, पत्रिका झाली, दोन महिने दोघं फोनवर बोलत होती. राहिली होती फक्त चौकशी. चौकशी केल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, हा दाजींचा नियम सांगलीत होता तसा ऑस्ट्रेलियातही होता.

आदल्या दिवशी सकाळी त्रिशलाचा मला फोन आला होता.

"मामा, अप्पा उगाच काहीतरी खुसपट काढतील बघ. त्यांना तिथल्या लोकांचं इंग्रजी कळत नाही. तू नीट समजावून सांग."

"तुला पसंत आहे ना?"

"आहे." मग जरा थांबून, "खूप. तू बरोबर आहेस म्हणून मला काळजी नाही."

तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्याबाहेर मी उभा होतो. बारशाला कानात नाव मी सांगितलं नसलं, तरी सुचवलं मीच होतं. आम्हा भावंडांच्या पोरांत मुलगी ती एकटीच. एवढं सगळं मला त्या दिवशी पाठ होतं, हेही सांगून ठेवतो.

पहिल्यांदा आम्ही बेकरीत गेलो. आत मांस भरून भाजलेल्या 'मीट पाय'चा वास भरून राहिला होता. दाजींनी खिशातला रुमाल नाकाला लावला. मी नाही लावला. मला सकाळपासून भूक लागली होती. दाजींचा डबा गाडीत होता, त्यात दशम्या आणि बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी. शिवाय फडक्यानं गाळून घेतलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. बाहेरचं पाणी ते पीत नसत.

काउंटरमागच्या बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सनीकडे आलात ना?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"सन्मतीला हे सनी म्हणतात," मी सांगितलं.

"तिला कसं कळालं?"

"दाजी, या गावात आपल्या रंगाचा तो एकटाच आहे."

बाई बोलतच राहिली. सनी फार गोड मुलगा आहे. रविवारी कुणाला ताप आला तरी दुकान उघडतो. तिच्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी आणून देतो. मी एकेक वाक्य मराठीत करून देत होतो आणि दाजी मान हलवत होते, पण ती मान मला माहीत होती. शाळेत मुलांनी एका सुरात पाढे म्हटले की ते अशीच मान हलवायचे आणि मग शेवटच्या बाकावरच्या पोराला उभं करायचे.

बाहेर आल्यावर म्हणाले, "हे झालं गोड गोड. आता खरं बघू. मटणाचं दुकान कुठं हाय?"

"मटणाचं?"

"आपल्या पोराची चौकशी देवळात करून काय कळतंय? तिथं सगळेच हात जोडून उभे असत्यात. मागं कुपवाडचं स्थळ आलं होतं, आठवतंय? मी सरळ तिथल्या मटणवाल्याकडं गेलो. पाचव्या मिनिटाला निकाल. आपला पोरगा ज्याला माहीत नसायला पायजे, त्याला विचारायचं."

माश्या तोंडावर बसत होत्या. नोव्हेंबरात त्या भागात माश्यांचा कहर असतो. मी फटाफट मारत होतो. दाजी रुमालाच्या टोकानं हलकेच उठवत होते, एकीलाही इजा न करता.

खाटकाचं दुकान पोस्टाच्या शेजारी होतं. दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. दाजी उंबऱ्याबाहेरच थांबले. दोन पट्ट्या बाजूला धरून, चेहरा वाकडा करून आत बघत राहिले. आत मी गेलो. खाटीक पन्नाशीचा, लालबुंद, पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅप्रन. नाव ब्रायन.

"सनीचे पाहुणे!" तोच आधी म्हणाला. बेकरीतून इथवर बातमी आमच्या आधी पोचली होती. मी दाजींनी शिकवलेला प्रश्न विचारला. सनीला तुम्ही ओळखता का?

"ओळखतो? अहो, माझं ठरलेलं गिऱ्हाईक आहे तो. दर गुरुवारी, पाच वाजता. घड्याळ लावून घ्या. आज गुरुवारच ना? हे बघा, बांधून तयार."

त्यानं काउंटरवरचं पुठ्ठ्याचं खोकं आमच्याकडे वळवलं. वर जाड काळ्या शाईत इंग्रजीत 'सनी' लिहिलं होतं. एका कोपऱ्यात पुठ्ठा ओला होऊन गुलाबी झाला होता.

दाजींना ब्रायनचं इंग्रजी कळत नव्हतं, पण लिहिलेलं वाचता येत होतं. जन्मभर लेखी पुराव्यावरच चाललेला माणूस. पट्ट्यांतून डोकं आणखी आत घालून त्यांनी स्वतःच विचारलं, "एव्हरी थर्सडे?"

"एव्हरी थर्सडे!" ब्रायन आनंदानं ओरडला. "कोकराच्या बरगडीच्या चार चॉप्स, अर्धा किलो खिमा, गुर्दे आणि काळीज."

दाजींनी पट्ट्या सोडल्या. त्या एकमेकींवर आपटत राहिल्या. काचेतून मला ते गाडीकडे चालत जाताना दिसले, नेहमीसारखे ताठ.

मीही वळणार होतो. ब्रायननं विचारलं, "म्हाताऱ्यांना उन्हाचा त्रास होतोय का? मला तर डोरीनची गंमत सांगायची होती त्यांना."

"कोण डोरीन?"

"ज्या बाईसाठी हे खोकं जातं ती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, गावापासून बारा किलोमीटरवर एकटी राहते. पाय थकलेत. अंगात रक्त नाही. डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, तर म्हणते गोळ्या मरणाऱ्यांनी खायच्या. मग डॉक्टर म्हणाला, काळीज खा, गुर्दे खा. पण आणून देणार कोण? सनी म्हणाला, मी आणतो. पहिल्या दिवशी इथं उभा राहिला तेव्हा हिरवा पडला होता बिचारा. अंडंसुद्धा खात नाही हो तो! आमच्या बार्बेक्यूला स्वतःचा तवा घेऊन येतो, त्यावर त्याचा तो मका भाजतो. मी त्याला म्हणालो, मग हे कशाला करतोस? तर म्हणाला, औषध पोचवणं हे माझं काम आहे. हे तिचं औषध आहे." ब्रायन हसला. "दोन वर्षं झाली. एक गुरुवार चुकवला नाही. म्हातारी पुन्हा चुलीपाशी उभी राहायला लागलीय."

मी खोक्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"तुम्ही त्याचे कोण?"

"लांबचे नातेवाईक."

"मग हे त्याच्या घरी सांगा हं नक्की," तो म्हणाला. "त्याच्या आईला बरं वाटेल."

दुकानापासून गाडीपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. मी ती सावकाश चाललो. काय सांगायचं ते ठरवायला तेवढा वेळ पुरला. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, की मी गडबडीत होतो.

दाजी गाडीत बसून डब्याकडे बघत होते. उघडला नव्हता.

"एवढा वेळ काय बोलत होता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. कुठला तुकडा चांगला असतो, कसा शिजवायचा, ते सांगत होता."

"सन्मती शिजवतो तसा?"

"तसंच काहीतरी."

दाजींनी डोळे मिटले. "चल," म्हणाले. "तुझ्या आक्काला काय सांगायचं ते मी बघतो. पत्रिकेत दोष निघाला म्हणू. पोराच्या आईबापाला हे कळायला नको. बिचारे तिथं देवळात पूजा कराल्यात आणि हितं हे."

आपल्या लोकांची ही रीत तुम्हाला माहीत आहे. चौकशीत काय निघालं हे ज्याची चौकशी केली त्याला कधीच सांगायचं नसतं. माणसाची अब्रू राखण्यासाठी. त्याला फक्त नकार कळतो. का, ते कळत नाही, आणि म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

मी किल्ली फिरवली आणि आरशात सन्मती दिसला. औषधाच्या दुकानातून पांढऱ्या कोटातच रस्ता ओलांडून धावत येत होता. एका हातात स्टीलचा लोटा. पाणी सांडू नये म्हणून दुसरा हात लोट्याच्या तोंडावर धरलेला.

"काका! मामा!" तो दाजींच्या खिडकीशी वाकला. धाप लागली होती. "न कळवता आलात? बेकरीवाल्या बाईंनी सांगितलं. आधी पाणी घ्या. गाळलेलंच आहे."

लोट्याच्या तोंडाला पांढरं फडकं दुहेरी करून बांधलं होतं, आमच्या घरी पूर्वी बांधत तसं. आक्काच्या घरी अजून बांधतात. दाजींनी ते फडकं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर सगळं एका मिनिटात उलटलं असतं.

"हे सोंग कशाला?" असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं. म्हणाले एवढंच, "नको."

"थंड आहे, काका. चार तास प्रवास करून आलात..."

"पाणीसुद्धा नको."

सन्मती ताठ झाला. मराठी माणूस दारात आलेल्याला पाणी विचारतो आणि आलेला ते घेतो. 'पाणीसुद्धा नको' याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"माझं काही चुकलं का?" त्यानं विचारलं. "घर मागेच आहे. स्वयंपाक करतो, तासाभरात होईल. दिवस मावळायच्या आत जेवण होईल तुमचं. पाच वाजता मला फक्त एका ठिकाणी जाऊन यायचंय, अर्ध्या तासाचं काम..."

"माहीत आहे मला पाच वाजता कुठं जायचंय ते," दाजी म्हणाले आणि खिडकीची काच वर केली.

तो पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला. माझी काच खाली होती. तो वाकला, दाजींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलला.

"मामा, त्या मॉलमधल्याबद्दल मी कुणाला काही बोललेलो नाही. आईशप्पथ. त्रिशलालाही नाही. तुम्हाला तशी शंका असेल तर काढून टाका. तुम्ही काकांना समजावा ना. तुमचं ऐकतात ते."

त्या मॉलमधलं हे असं.

ऑफिसात मी धनपाल नव्हतो, पॉल होतो. आणि पॉल वीस वर्षं सगळं खात होता. घरी बायकोला ठाऊक नव्हतं, मेलबर्नच्या जैन मंडळात ठाऊक नव्हतं. मंडळाचा तर मी अध्यक्ष होतो. आदल्या वर्षी महावीर जयंतीला मी अहिंसेवर चाळीस मिनिटं बोललो. मुरिंडीहून आलेला सन्मती त्या दिवशी पंगतीत वाढत होता. पुढच्याच महिन्यात कसल्याशा परीक्षेसाठी तो पुन्हा मेलबर्नला आला आणि मॉलच्या फूड कोर्टात माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. माझ्या पुढ्यात ग्रीक दुकानातलं कोकराचं मटण, हात कोपरापर्यंत ओशट.

"उठू नका काका, बसा," तो म्हणाला. त्यानं ताटलीकडे पाहिलं, मग मागे. "मंडळातले दोघं जिन्यावरून येतायत." आणि काखेतलं वर्तमानपत्र उघडून त्यानं माझ्या ताटलीवर पसरलं. ते दोघं आले, गप्पा मारून गेले. तो तोवर उभा राहिला. जाताना म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही."

त्यानं मला चारचौघांत उघडं पाडलं असतं तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. त्यानं झाकलं, ते मला सहन झालं नाही. आणि हा आता माझ्या भाचीचा नवरा होणार. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात समोरच्या पाटावर बसणार, मला आग्रहानं वाढणार आणि बोलणार नाही. जन्मभर बोलणार नाही. मी त्या पोराचा द्वेष करत होतो. भीती कमी आणि द्वेष जास्त, हे आज मला नीट सांगता येतं.

"उशीर होतोय," मी त्याला म्हणालो आणि गाडी काढली.

आरशात तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. लोटा अजून हातात. त्या रस्त्यावर रहदारीच नव्हती, त्यामुळे त्याला बाजूला व्हायचीही गरज नव्हती.

गोष्ट इथं संपली असती तर मी स्वतःला थोडीफार सूट दिली असती. बोललो नाही, एवढंच म्हणता आलं असतं. पण रात्री फोनवर पत्रिकेचा बहाणा आक्कापुढे टिकला नाही, दाजींनी तिला खोक्याचं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलाचा फोन आला. दाजींनी घेतला. मी समोर चहा पीत होतो. तिचा आवाज फोनबाहेर येत होता.

"अप्पा, ते त्याच्यासाठी नाही! एका म्हाताऱ्या बाईला नेऊन देतो तो. त्यानं मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून आधीच सांगतो म्हणाला."

"मग तू मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही त्या मटणाच्या दुकानात जाल हे मला काय माहीत! मामाला विचारा. त्या खाटकानं मामाला सांगितलंच असेल."

दाजींनी फोन छातीशी धरला. त्यांचा चेहरा उजळला होता, हे मी विसरलेलो नाही. त्यांनाही तो मुलगा हवा होता. लोट्याचं फडकं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

"धनपाल, असं काय बोलला होता का रं तो खाटीक? म्हाताऱ्या बाईचं वगैरे?"

मी कप खाली ठेवला.

"नाही," मी म्हणालो.

"नीट आठवून बघ."

"दाजी, मी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभा होतो. असं काही असतं तर मी तुम्हाला तिथंच सांगितलं नसतं का? पोरं सांगतात असं काहीतरी. तिला त्यानं सांगितलं, तिनं विश्वास ठेवला."

दाजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. शाळेतली नव्हे, खरी. मग फोन कानाला लावला. "मामा न्हाई म्हणतोय," ते म्हणाले. "मामा कशाला खोटं बोलंल? तुझ्या वाईटावर हाय का तो?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

सहा महिन्यांनी तिचं इचलकरंजीला लग्न झालं. दाजींनी तिथंही मटणाच्या दुकानात चौकशी केली होती. निर्मळ घर. कांदासुद्धा घरात येत नव्हता, दिवस मावळला की चूल बंद. बाकी सगळं होत होतं. चौथ्या वर्षी आमटीत केस निघाला म्हणून नवऱ्यानं तिच्या डाव्या कानशिलात मारली. त्या कानानं तिला ऐकू येत नाही. अकराव्या वर्षी ती परत आली, मूलबाळ न होता. दाजी तोवर अंथरुणाला खिळले होते. मी भेटायला गेलो तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "निदान त्या बाटग्याच्या घरात तरी गेली न्हाई. तू होतास म्हणून."

मी त्यांचा हात थोपटला.

ते गेले, त्याआधी आक्का गेली, माझी बायको गेली. घरात मी एकटा, त्यामुळे आता कुणापासून काही लपवायचं उरलं नाही. असं मला वाटत होतं, गेल्या मार्चपर्यंत.

दुपारी साडेबाराला बेल वाजली. दार उघडलं तर त्रिशला. केस पांढरे होऊ लागलेले, पाठीला पिशवी. फाटकापाशी पांढरी गाडी आणि तिच्या मागच्या काचेवर कंपनीचा स्टिकर.

"न कळवता?" मी म्हणालो.

"अप्पांची पोरगी आहे मी." ती हसली. आत आली, खुर्ची ओढून घेतली आणि उजवा कान माझ्याकडे येईल अशी बसली. "आठ दिवस झाले ऑस्ट्रेलियात येऊन. तुला सांगितलं नाही. काल मुरिंडीला होते."

"गाडी तू चालवलीस?"

"शिकले. सन्मती भेटला. बायको तिथल्या शाळेत शिकवते. दोन मुली आहेत. थोरली अगदी त्याच्यासारखी. जेवायला वाढलं त्यांनी मला." ती थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. "मामा, त्या खाटकानं तुला सगळं सांगितलं होतं ना?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मला त्याच आठवड्यात कळलं होतं. ब्रायननं सन्मतीला सांगितलं, त्यानं मला. मी अप्पांना बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी आईला जन्मात तुझं तोंड बघू दिलं नसतं. आईला भाऊ एकच होता."

"त्रिशा..."

"ऐक. मी भांडायला आले नाही. झालं ते झालं, माझं वय गेलं त्यात. मला फक्त कारण हवंय. मी काल त्याला विचारलं, मामानं असं का केलं? त्याला माहीत आहे, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण सांगत नाही. म्हणतो, मामांना शब्द दिलाय. अठरा वर्षं झाली मामा, माझ्यासाठीसुद्धा त्यानं तो मोडला नाही. एवढा कसला शब्द? कुणी मेलं होतं का? काही गुन्हा होता? मी रात्र रात्र काय काय मनात आणलं असेल तुला कल्पना नाही. आता अप्पा नाहीत, आई नाही. कुणाला कळणार नाही. सांग."

सांगायला हवं होतं. ती माफ करायच्या तयारीनं आली होती, मला दिसत होतं. तिच्या डोळ्यांत मुळी राग नव्हता.

"मला आता आठवत नाही गं," मी म्हणालो. "पत्रिकेचं काहीतरी होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली. "पाणी घेते," म्हणाली.

"थांब, मी देतो!" मी खुर्चीचे हात धरून उठायला लागलो, पण माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. ती तोवर फ्रिजपाशी पोचली होती. तिनं दार उघडलं.

मधल्या कप्प्यात, अगदी तिच्या डोळ्यांसमोर, प्लॅस्टिकच्या तबकात कोकराच्या चार चॉप्स होत्या. शेजारी वाडग्यात काळीज, संध्याकाळसाठी मसाला लावून ठेवलेलं. ती येणार हे मला माहीत नव्हतं.

ती तिथंच उभी राहिली. दार उघडं राहिलं की वाजतो तसा फ्रिज वाजायला लागला. वाजत राहिला. मग तिनं हळूच दार लावलं.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

मी काहीतरी बोललो. पण मी तिच्या डाव्या बाजूला होतो, तिला ऐकू गेलं नाही. तिनं पिशवी उचलली, टेबलावरची किल्ली घेतली.

"पाणी तरी घे," मी मोठ्यानं म्हणालो.

"नको," ती म्हणाली. "गाडी परत करायचीय."